कपडे तिचे, तोंडं लोकांची

२४ मार्च १९८६. लॉस एंजेलिसमध्ये ऑस्करचा सोहळा चालू होता आणि सहायक अभिनेत्याचं पारितोषिक जाहीर करायला गायिका-अभिनेत्री शेर मंचावर आली. अंगावर मण्यांनी मढवलेला काळा पोशाख, पोट उघडं, डोक्यावर काळ्या पिसांचा भला उंच तुरा. बॉब मॅकी या तिच्या नेहमीच्या डिझायनरने हे सगळं बेतलं होतं. आदल्या वर्षी ‘मास्क’ या चित्रपटासाठी कान्सला सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा सन्मान तिला विभागून मिळाला होता, पण ऑस्करवाल्यांनी साधं नामांकनही दिलं नव्हतं. काम चांगलं करते हो, पण कपडे बघा तिचे, असा एकूण सूर. शेरने माइकपाशी येऊन सांगून टाकलं की गंभीर अभिनेत्रीने कसे कपडे घालावेत याची अकादमीची पुस्तिका मला पोचली आहे, हे तुम्हाला दिसतंच आहे.

पारितोषिक त्या रात्री मिळालं डॉन अमीची यांना. ते आज फारसं कोणाच्या लक्षात नाही. तुरा लक्षात आहे. दोनच वर्षांनी ‘मूनस्ट्रक’साठी शेरने ऑस्कर घेतलं, तेही मॅकीनेच केलेल्या, आरपार दिसणाऱ्या काळ्या झग्यात. म्हणजे बाई सुधारली नाही. सुधारायला काही बिघडलंच नव्हतं.

प्रसिद्ध माणसांच्या, त्यातही बायकांच्या, रेड कार्पेटवरच्या कपड्यांना लोकांनी नावं ठेवली आणि त्यांनी उलट उत्तर दिलं, अशी उदाहरणं गेल्या चाळीसेक वर्षांत ढिगाने सापडतात. कोणी हसून नेलं, कोणी खुलासा केला, कोणी चिडलं, कोणी मुकाट्याने पुढच्या वर्षी दुसरा डिझायनर गाठला. ही उत्तरं एकापुढे एक ठेवून वाचली की एक गोष्ट दिसते. उत्तर किती सरळ येतं हे टीका किती जहरी होती यावर फारसं अवलंबून नसतं. अंगावरचा कपडा कोणाच्या मर्जीने आला होता, यावर बरंच अवलंबून असतं. शेरचा तुरा शेरला हवा होता, म्हणून तिचं उत्तर एका वाक्यात संपलं.

नावं ठेवण्याचा हा धंदा पद्धतशीर सुरू केला तो रिचर्ड ब्लॅकवेल याने. मूळचा नट, मग लॉस एंजेलिसमधला ड्रेसमेकर. १९६० पासून दर वर्षी तो सर्वांत वाईट कपडे घालणाऱ्या स्त्रियांची यादी काढायचा आणि एकेकीवर चुरचुरीत ओळ लिहायचा. २००८ मध्ये तो गेला तेव्हा मृत्युलेख आले ते त्या यादीवरच. त्याने शिवलेला एखादा झगा आठवतो असं म्हणणारं कोणी निघालं नाही. नव्वदच्या दशकाच्या मध्यावर ई! वाहिनीने विनोदी कलाकार जोन रिव्हर्स आणि तिची मुलगी मेलिसा यांना सोहळ्याच्या दाराशीच उभं केलं. आपल्याकडे लग्नाच्या मांडवात दाराशी खुर्ची टाकून बसलेली एखादी आत्या असते. येणारीच्या साडीचा पोत, अंदाजे किंमत आणि ‘रंग तिला उठत नाही’ हा निकाल ती एका दमात देते. रिव्हर्सबाईंच्या हाती फक्त माइक होता आणि ऐकायला अख्खा देश. येणाऱ्या प्रत्येकीला त्या विचारायच्या, हे कोणाचं घातलंयस? या प्रश्नाने पुढची तीस वर्षं ठरवली. कारण उत्तरात डिझायनरचं नाव येऊ लागलं, आणि नाव आलं की जाहिरात आली.

त्याआधी काय होतं? हॉलिवूडच्या बायका कपडे विकत घ्यायच्या, शिवून घ्यायच्या, कधी स्वतः बेतायच्या. १९८९ मध्ये डेमी मूर सायकल चालवतानाच्या तंग चड्डीवर घेरदार पोशाख चढवून ऑस्करला गेली, स्वतःच्याच डोक्यातली कल्पना. पुढच्या वर्षी किम बेसिंजर एकच बाही असलेला पांढरा झगा घालून आली, तोही तिनेच बेतलेला. दोघींचं हसं झालं. त्याच १९९० च्या सोहळ्यात जॉर्जिओ आर्मानीने इतक्या जणांना कपडे पुरवले होते की ‘विमेन्स वेअर डेली’ या फॅशनच्या दैनिकाने त्या रात्रीला आर्मानी पुरस्कार म्हणूनच नाव दिलं. हसं नको असेल तर काय करायचं याचा धडा सगळ्यांनी त्याच वेळी घेतला. स्टायलिस्ट नावाचा माणूस मध्ये आला. झगा एका रात्रीपुरता उसना, दागिने उसने, सोबत त्यांचा पहारेकरी, आणि कराराची कागदपत्रं मात्र कायमची. २००६ मध्ये चार्लीझ थेरॉनने रेमंड वेल कंपनीशी घड्याळांचा करार असताना एका कार्यक्रमात डिओरचं घड्याळ मनगटावर बांधलं, तर कंपनीने पुढच्या वर्षी तिच्यावर दावाच लावला. टीकेच्या भीतीने बायकांनी आपली आवड गहाण टाकली, असं मी म्हणेन. ती सोडवून घेणं नंतर फार थोड्यांना जमलं.

गहाण न टाकणारी एक होती ब्यॉर्क. मार्च २००१ मध्ये ही आइसलँडची गायिका ऑस्करला आली ती गळ्याभोवती हंस गुंडाळून. मार्यान पेयोस्कीने केलेल्या त्या पोशाखात हंसाची मान तिच्या मानेभोवती वळून चोच छातीवर टेकलेली होती, खाली पांढऱ्या जाळीचा घेर. एवढ्यावर न थांबता तिने कार्पेटवर शहामृगाची अंडी घातली, म्हणजे घातल्यासारखी टाकत गेली. मागून माणसं ती गोळा करून परत आणून देत होती. तिच्या ज्या गाण्याला नामांकन होतं त्याला पारितोषिक मिळालं नाही, बॉब डिलनला मिळालं. दुसऱ्या दिवशी सगळ्या ‘वाईट कपडे’ याद्यांत ती पहिली. हिला वेड्यांच्या इस्पितळात ठेवा, इथपर्यंत रिव्हर्सबाईंची मजल गेली.

ब्यॉर्कचं म्हणणं मला या सगळ्या प्रकरणात सर्वांत समजूतदार वाटतं. लोकांनी असं लिहिलं, ती म्हणाली, जणू मी काळा आर्मानी घालायला निघाले होते आणि काहीतरी चुकलं; मला त्यांच्यात मिसळायचंच नव्हतं. त्याच वर्षी आलेल्या ‘व्हेस्पर्टीन’ या अल्बमच्या मुखपृष्ठावर तिने तोच हंस पुन्हा घातला. २०१४ मध्ये व्हॅलेंटिनोच्या पॅरिसमधल्या संग्रहात त्या हंसाची सरळ सरळ आठवण करून देणारा झगा आला. २०१५ मध्ये न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये ब्यॉर्कवरचं प्रदर्शन भरलं, त्यातही हंस होता. ऑस्करच्या त्या रात्री ज्यांनी नेटके, निर्दोष, कोणालाच न खुपणारे झगे घातले होते त्यांचं एकही चित्र आज डोळ्यांपुढे येत नाही.

याच्या उलट टोकाला ॲन हॅथवे. २०१३ च्या ऑस्करला ती व्हॅलेंटिनो घालणार असं ठरलं होतं, जाहीरही झालं होतं. ऐनवेळी कळलं की दुसऱ्या एका अभिनेत्रीचा झगा बराच तसाच आहे, म्हणून तिने फिकट गुलाबी प्राडा घातला. छातीवरच्या शिवणीची ठेवण अशी होती की पारितोषिक हातात पडायच्या आत समाजमाध्यमांवर तिची थट्टा करणारं खातं निघालं होतं. हॅथवेने जाहीर माफी मागितली. कोणाची? व्हॅलेंटिनोची. लाखो लोक तिच्या अंगावर हसत होते आणि तिला निवेदन काढावं लागलं ते झगा न घातलेल्या कंपनीची समजूत काढायला. कपडा आपला नसला की उत्तरही आपलं राहत नाही.

आणि ज्यांना कपडा द्यायलाच कोणी तयार नसतं त्यांचं काय? जानेवारी २०१४ मध्ये गॅबरी सिडिबे गोल्डन ग्लोबला गेली. ‘प्रेशस’मधल्या कामासाठी तिला ऑस्करचं नामांकन मिळून चार वर्षं झाली होती. तिच्या वजनावरून ट्विटरवर नको नको ते लिहिलं गेलं. तिने एका ओळीत कळवलं की माझ्या फोटोंबद्दल घाणेरडं लिहिणाऱ्यांनो, काल रात्री माझ्या स्वप्नातल्या नोकरीकडे खाजगी विमानाने जाताना मी खूप रडले बरं. २०१६ मध्ये लेस्ली जोन्सने सांगून टाकलं की ‘घोस्टबस्टर्स’च्या पहिल्या खेळासाठी मला झगा द्यायला एकही डिझायनर पुढे येत नाही. ख्रिश्चन सिरियानोने हात वर केला आणि ती लाल झग्यात आली. ज्यांच्या मापाचे नमुने फॅशनची घरं शिवतच नाहीत, त्यांच्यावर ‘नीट कपडे घालता येत नाहीत’ म्हणून टीका होते. यातली गंमत टीका करणाऱ्यांना दिसत नाही.

आता आपल्याकडे यावं. भारतीयांसाठी रेड कार्पेट म्हटलं की कान्स. १९७६ मध्ये श्याम बेनेगलांचा ‘निशांत’ तिथे स्पर्धेत होता. प्रसिद्धीला पैसे नव्हते. बेनेगलांनी शबाना आझमी आणि स्मिता पाटील यांना सांगितलं, चांगल्यातल्या चांगल्या साड्या नेसा आणि समुद्राकाठच्या रस्त्यावरून येरझाऱ्या घाला. लोक वळून बघायचे, आणि बघितलं की या दोघी सांगायच्या, आमचा चित्रपट अमुक वेळी आहे, नक्की या. खेळ भरला. स्टायलिस्ट नाही, करार नाही. साडी घरच्या कपाटातली आणि मतलब एकच, प्रेक्षक. हा किस्सा शबानाबाईंनी नंतर अनेकदा सांगितला आहे. भारतीयांच्या कान्सवारीतला हा मला सर्वांत रुबाबदार प्रसंग वाटतो, आणि त्यात कार्पेट कुठेच नाही.

२००२ मध्ये ‘देवदास’साठी ऐश्वर्या राय घोडागाडीतून उतरली ती नीता लुल्लांनी केलेल्या पिवळ्या साडीत, सोन्याने मढून. पुढच्या वर्षी ती परीक्षक मंडळात होती. तेव्हाच्या झगझगीत हिरव्या साडीला बरीच नावं ठेवली गेली. मग ती लोरेआल या प्रसाधन कंपनीची प्रतिनिधी म्हणून दर मे महिन्यात जाऊ लागली. लोरेआल १९९७ पासून त्या महोत्सवाची अधिकृत भागीदार आहे. आपल्या अनेक अभिनेत्री तिथे चित्रपटामुळे दिसतात असा आपला समज असतो. पुष्कळदा त्या दिसतात लिपस्टिकमुळे. २०१२ मध्ये बाळंतपणाला सहा महिने होत असताना ऐश्वर्या गेली, तर देशभर चर्चा तिच्या वजनाची. २०१६ मध्ये तिने जांभळी लिपस्टिक लावली तर मीम्सचा पाऊस. त्यावर तिने फार काही न लावून घेता, यात मजा आहे, मेकअप म्हणजे प्रयोगच, अशा अर्थाचं काही सांगितलं. प्रसाधन कंपनीच्या प्रतिनिधीने ओठ रंगवले आणि आठवडाभर जग त्या ओठांवर बोललं, तर कंपनीच्या दृष्टीने ते काम फत्ते. वजनाची गोष्ट वेगळी. त्यात विकायला काही नव्हतं आणि खुलासा देण्यासारखंही काही नव्हतं. ती फक्त गेली, उभी राहिली, परत आली. ते बरंच होतं.

विद्या बालनची २०१३ ची गोष्ट आणखी निराळी. स्टीव्हन स्पीलबर्ग अध्यक्ष असलेल्या परीक्षक मंडळात ती होती. सब्यसाचीने केलेल्या साड्या, घागरे, नाकात भली मोठी नथ, डोक्यावर पदर. हिला लग्नाला जायचंय की सिनेमा बघायला, असं इथल्या फॅशन लिहिणाऱ्यांनी विचारलं. मलाही ते जड वाटलं होतं, नथ तर फारच. पण तिची आधीची वर्षं आठवली की वेगळं दिसतं. २००७-०८ मध्ये ‘हे बेबी’, ‘किस्मत कनेक्शन’च्या काळात पाश्चात्त्य कपड्यांत तिला बसवायचा प्रयत्न झाला, तेव्हा तिच्या पोशाखांची इतकी टिंगल झाली की ती दुखावली गेली, हे तिने नंतर मुलाखतींतून लपवलेलं नाही. त्यातून ती बाहेर आली ती साडी धरून. ज्या दोरीने वर आली ती दोरी कान्सला पोचल्यावर सोडायची कशी? महोत्सव संपेपर्यंत तिने सोडली नाही.

सगळ्यांत गुंतागुंतीचं प्रकरण मात्र गोव्याशी जोडलेलं आहे. २६ जानेवारी २०२० ला लॉस एंजेलिसमध्ये ग्रॅमीचा सोहळा होता. प्रियांका चोप्राने राल्फ अँड रूसोचा पांढरा, झालरींच्या बाह्यांचा झगा घातला होता. गळा नाभीच्याही खाली उतरलेला. गोव्यातल्या कोलवाळचे डिझायनर वेंडेल रॉड्रिक्स यांनी तो फोटो पाहून समाजमाध्यमावर लिहिलं की गळा लॉस एंजेलिसपासून क्युबापर्यंत गेलाय. झालं. बाईच्या शरीराची टवाळी करतोस, म्हणून चहूबाजूंनी मारा सुरू झाला.

वेंडेल म्हणजे कोणी टपोरी टीकाकार नव्हे. नक्षी, भरतकाम, खडे यांच्या गर्दीत साधं, सुटसुटीत, वाऱ्याला जागा ठेवणारं कापड त्यांनी भारतीय फॅशनमध्ये आणलं. गोव्यातल्या कुणबी बायकांची लाल चौकड्यांची साडी हातमागावरून जवळजवळ उठली होती, ती पुन्हा विणायला लावली. २०१४ मध्ये पद्मश्री मिळाली. कोलवाळमधल्या आपल्या जुन्या घरात गोव्याच्या पोशाखांचं संग्रहालय उभारायचं काम त्यांनी काढलं होतं. आयुष्यभर ज्याने बेत, माप आणि कात्री यांचाच विचार केला तो माणूस एखाद्या गळ्याबद्दल बोलू नये, तर कोणी बोलावं? गळा कुठपर्यंत न्यायचा हा शिंप्याचा प्रश्न आहे. तेवढ्यापुरतं मी वेंडेलच्या बाजूने आहे. त्यांनी खुलाशात म्हटलंही, मी तिच्या अंगाबद्दल अवाक्षर काढलेलं नाही, मला तो झगा आवडला नाही. पण त्याच खुलाशात पुढे त्यांनी काही कपड्यांना वय असतं असंही सांगितलं, पोट सुटलेल्या पुरुषांनी तंग टीशर्ट घालू नयेत असा दाखला दिला, आणि तिथे ते घसरले. कापडावरून बोलणं सुरू करून बाईच्या वयावर येऊन थांबलं की आधीचं कापडावरचं बोलणंही मग कोणी ऐकत नाही.

वयाचा तो नियम तर चारच महिने आधी मोडीत निघाला होता. त्याच ग्रॅमीच्या मंचावर २००० साली जेनिफर लोपेझ व्हर्साचेचा हिरवा झगा घालून आली होती. त्याचाही गळा बेंबीखाली. तो फोटो शोधायला लोकांनी गूगलवर एवढी झुंबड केली की चित्रं शोधायची वेगळी सोय करावी लागेल हे कंपनीला उमगलं, असं गूगलचे एके काळचे प्रमुख एरिक श्मिट यांनी पुढे लिहिलं. सप्टेंबर २०१९ मध्ये मिलानला व्हर्साचेने त्या झग्याची नवी आवृत्ती केली आणि ती घालून लोपेझच चालली. वय पन्नास. बघणारे उठून उभे राहिले. प्रियांका सदतीसची होती.

प्रियांकाचं उत्तर मात्र खास कारागिरीचं होतं. नीट बांधून, खात्री करून घेतल्याशिवाय मी घराबाहेर पडतच नाही, ती म्हणाली. माझ्या कातडीच्या रंगाची ट्यूलची जाळी शोधून राल्फ अँड रूसोवाल्यांनी तिनेच झगा आतून जोडला होता, ते तुम्हाला दिसत नाही इतकंच. म्हणजे जे उघडं वाटत होतं ते कापडच होतं. वेंडेलच्या पोस्टला हे थेट उत्तर नसलं तरी मुद्द्याचं उत्तर होतं. पुढची गोष्ट दुःखाची. १२ फेब्रुवारी २०२० ला, वादाला तीन आठवडेही झाले नसताना, वेंडेल कोलवाळच्या घरी वारले. एकोणसाठ वर्षांचे होते.

प्रियांकाकडे उत्तरांचं अख्खं दुकान आहे, हेही सांगायला हवं. मे २०१७ मध्ये बर्लिनला ती पंतप्रधानांना भेटली तेव्हा गुडघ्यावरचा फ्रॉक घातला म्हणून तिला संस्कार शिकवले गेले. तिने लगेचच आईसोबतचा, दोघींचेही पाय दिसणारा फोटो टाकला आणि हे घराण्यातच आहे अशा अर्थाची ओळ लिहिली. २०२१ मध्ये हाल्पर्नचा चेंडूसारखा फुगलेला पोशाख घातला, तर लोकांनी तिचा फुगणारा मासा केला, क्रिकेटचा चेंडू केला. ती मीम्स तिने स्वतःच गोळा करून टाकली आणि दिवस छान गेला म्हणून आभार मानले. हसणाऱ्यांच्या आधी हसलं की निम्मी हवा निघते. पण ही सोय तिला आहे, कारण तिच्या मागे नाव, पैसा आणि माणसांची फौज आहे. अकोल्याच्या किंवा सावंतवाडीच्या एखाद्या नवख्या मुलीने पहिल्या पुरस्कार सोहळ्याला उसना गाऊन घातला आणि रात्रभर तिच्या फोटोखाली घाण साचली, तर तिने कोणत्या फौजेच्या जोरावर हसायचं?

कधी कधी हसून नेणं चूकही ठरतं. फेब्रुवारी २०१५ मध्ये अठरा वर्षांची झेंडाया ऑस्करला पांढऱ्या झग्यात आणि लांब जटांच्या केशरचनेत आली. ‘फॅशन पोलीस’ या ई! वाहिनीच्याच कार्यक्रमात जूलियाना रॅन्सिकने म्हटलं की त्या केसांना गांजाचा वास येत असेल. झेंडायाने शांतपणे लांब पत्र लिहिलं. विनोद आणि अपमान यांत बारीक रेघ असते हे सांगून तिने जटा राखणाऱ्यांची नावं दिली, त्यात दिग्दर्शिका एवा ड्यूव्हर्ने होती, हार्वर्डचे इतिहासाचे प्राध्यापक होते. माझे वडील आणि भाऊही तसेच केस ठेवतात, असं लिहिलं. रॅन्सिकला जाहीर माफी मागावी लागली. केली ऑस्बर्न कार्यक्रम सोडून गेली, पाठोपाठ कॅथी ग्रिफिनही. त्याच वर्षी मॅटेल कंपनीने झेंडायाची बार्बी केली, तशाच केसांची. इथे झग्याचा संबंध काय होता? काहीच नाही. काळ्या माणसांच्या केसांकडे बघायची जुनी नजर फॅशनच्या टीकेचं सोंग घेऊन आली होती, आणि एका पोरीने ते सोंग उतरवलं.

नजरेची हीच तक्रार २०१४ मध्ये केट ब्लँचेटने एका सोहळ्यात केली. कॅमेरा तिच्या पायापासून वर सरकू लागला तेव्हा ती खाली वाकून कॅमेऱ्याला म्हणाली, पुरुषांनाही असंच करता का? त्याच सुमारास बायकांना कपड्यांपलीकडेही काही विचारा, अशी मोहीम अमेरिकेत निघाली आणि रीझ विदरस्पूनने ती उचलून धरली. फरक थोडासा पडला. कान्सवाल्यांनी तर उलट नियमच वाढवले. २०१५ मध्ये सपाट चपला घातलेल्या बायकांना दारातून परत पाठवल्याचा बोभाटा झाला. पुढच्या वर्षी जूलिया रॉबर्ट्स अनवाणी जिना चढली आणि २०१८ मध्ये परीक्षक असलेल्या क्रिस्टन स्टीवर्टने कार्पेटवरच उंच टाचा काढून हातात घेतल्या. मे २०२५ मध्ये महोत्सव सुरू व्हायच्या आदल्या दिवशी नवा नियम आला: उघडं अंग नको आणि लांबलचक घोळही नको. परीक्षक हॅली बेरीने आपल्या गौरव गुप्ताचा झगा घालायचं ठरवलं होतं. घोळ फार लांब होता. तिने तो बाजूला ठेवून दुसरा घातला, ही गोष्ट पत्रकारांना सांगूनही टाकली आणि उघड्या अंगाबद्दलचा नियम बरा आहे असंही म्हणाली.

महाराष्ट्राला या वादांचं नवल नसावं. १९३८ मध्ये मास्टर विनायकांच्या ‘ब्रह्मचारी’त मीनाक्षी शिरोडकर पोहण्याच्या पोशाखात पडद्यावर आल्या. केवढा गहजब, आणि केवढी गर्दी! लेखक आचार्य अत्रे होते, म्हणजे गहजबाला घाबरण्याचा प्रश्न नव्हता. आज गहजब पोलीस ठाण्यापर्यंत जातो. जुलै २०२२ मध्ये रणवीर सिंगच्या एका मासिकासाठीच्या नग्न छायाचित्रांवरून चेंबूरला गुन्हा नोंदला गेला. पुरुष सहसा या तडाख्यातून सुटतात, तो सुटला नाही. जानेवारी २०२३ मध्ये उर्फी जावेदच्या कपड्यांविरुद्ध भाजपच्या चित्रा वाघ यांनी मुंबई पोलिसांकडे तक्रार केली. उर्फीला कोणी कार्पेट अंथरलं नव्हतं. अंधेरी-वांद्र्याच्या फुटपाथवर कॅमेरे जमतात तेच तिचं कार्पेट. तिने ‘मेरी डीपी इतनी धासू, चित्रा मेरी सासू’ असं यमक जुळवून दिलं आणि राज्य महिला आयोगाकडे उलट तक्रारही केली. पोलिसांनी तिला बोलावून जबाब घेतला. एखाद्या पोशाखाला भडक, बेढब, टुकार म्हणण्याचा हक्क मला हवा आहे आणि मी तो वापरतो. उर्फीचे निम्मे कपडे मला टुकार वाटतात. पण त्यासाठी हवालदाराला कामाला लावणं ही समीक्षा नव्हे.

मे २०२४ मध्ये ‘ऑल वी इमॅजिन ॲज लाइट’ कान्सच्या मुख्य स्पर्धेत होता. तीस वर्षांनी तिथे पोचलेला भारतीय चित्रपट. त्यात पार्वतीचं काम करणारी छाया कदम तिथे दिवंगत आईची साडी नेसून आणि आईचीच नथ घालून गेली. आईला विमानातून फिरवायचं राहून गेलं, निदान तिची साडी-नथ तरी विमानाने आणली, असं तिने लिहिलं. अकरा वर्षांपूर्वी विद्या बालनची नथ ज्यांना खुपली होती त्यांनाही ही खुपली नसावी. दोन्ही नथीच. पण ही कोणी स्टायलिस्टने पेटीतून काढून दिलेली नव्हती.

शेवटी जेनी बीव्हन यांच्याबद्दल, कारण त्यांचा तर धंदाच कपडे. २०१६ मध्ये ‘मॅड मॅक्स: फ्युरी रोड’च्या वेशभूषेसाठी त्यांना लंडनमध्ये बाफ्टा मिळालं तेव्हा सूत्रसंचालक स्टीफन फ्राय यांनी त्यांना पिशव्या घेऊन रस्त्यावर राहणाऱ्या बाईची उपमा दिली. लोक फ्रायवर तुटून पडले, फ्राय चिडून ट्विटर सोडून गेले. बीव्हन म्हणाल्या, तो माझा मित्र आहे, मला काही वाटलं नाही. दोन आठवड्यांनी ऑस्करला त्या मार्क्स अँड स्पेन्सरचं नकली चामड्याचं जाकीट घालून गेल्या, पाठीवर चमचमणारी कवटी, चित्रपटातल्या खलनायकाची खूण. त्या पारितोषिक घ्यायला निघाल्या तेव्हा वाटेवरच्या काही पुरुषांचे चेहरे आणि न हललेले हात असलेली चित्रफीत जगभर फिरली. त्यांनी सांगितलं ते एवढंच की माझी पाठ दुखते, गाऊनमध्ये मी विचित्र दिसेन, मला आरामशीर कपडे लागतात. मार्च २०२२ मध्ये त्यांना वेशभूषेचं तिसरं ऑस्कर मिळालं, ‘क्रुएला’साठी. त्या चित्रपटाची गोष्ट एका फॅशन डिझायनरची आहे.